जर्मन टिपणांपासून पहिल्या पॅचपर्यंत: लिबरऑफिसनं नवे प्रोग्रामर कसे जोडले

२८ सप्टेंबर २०१० ला ओपनऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरच्या काही जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडली. संस्थेचं नाव ठेवलं द डॉक्युमेंट फाउंडेशन आणि सॉफ्टवेअरचं लिबरऑफिस. त्याच वर्षी जानेवारीत ओरॅकलनं सन मायक्रोसिस्टिम्स ताब्यात घेतली होती आणि ओपनऑफिसचं पुढं काय होणार याचा भरवसा कुणालाच वाटत नव्हता. कोड मुक्त असल्यामुळे तो नव्या घरी नेता आला. पण सनच्या हॅम्बुर्ग कार्यालयात बसून वर्षानुवर्षं तो लिहिणारे पगारी लोक बहुतेक मागेच राहिले. नव्या घरात आले ते नॉव्हेल, रेड हॅट, कॅनॉनिकल अशा कंपन्यांतले मोजके प्रोग्रामर आणि लिनक्सच्या वर्तुळातले स्वयंसेवक.

म्हणजे परिस्थिती अशी, की लाखो ओळींचा सी प्लस प्लसमधला कोड आहे, वापरणारे कोटींच्या घरात आहेत आणि सांभाळणारे हातावर मोजण्याइतके. बाहेरून माणसं आणणं हा सदिच्छेचा विषय राहिला नव्हता, प्रकल्प जगायचा तर तेवढाच मार्ग होता. ओपन सोर्समध्ये नवी माणसं कशी येतात आणि का टिकत नाहीत हे समजून घ्यायला मला हे प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. कारण इथं तोच कोड आणि तेच काम असताना दाराची रचना बदलली, आणि फरक पडला.

आधीची दहा वर्षं

या कोडची मुळं १९८५ पर्यंत जातात. जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग गावात मार्को ब्योरीस नावाच्या किशोरवयीन मुलानं स्टारडिव्हिजन कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सननं विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस या नावानं खुला केला. त्यानंतरची दहा वर्षं प्रकल्प कागदोपत्री सगळ्यांसाठी उघडा होता. तरी कंपन्यांबाहेरचा माणूस येऊन टिकला, असं क्वचितच झालं.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. पहिलं म्हणजे कागद. पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, द्यायचा तर आधी एका करारावर सही करून आपल्या कोडचा कॉपीराइट सनबरोबर वाटून घ्यावा लागे. दोन ओळींची दुरुस्ती करणाऱ्यासमोर कायद्याच्या भाषेतला कागद आला की तो तिथूनच परततो. दुसरं म्हणजे प्रक्रिया. प्रत्येक बदलासाठी चाइल्ड वर्कस्पेस नावाची वेगळी शाखा काढायची, तिची चाचणी आणि मंजुरी व्हायची आणि मग ती मूळ कोडमध्ये मिसळायची. यात महिने जात. स्वयंसेवकाचा उत्साह इतका पुरत नाही. कॉलेजातल्या मुलाची तर तोवर परीक्षा येते.

तिसरं बिल्डचं. कोडवरून चालणारं सॉफ्टवेअर बनवायला डीमेक नावाचं, फारसं कुणी वापरत नसलेलं साधन, वर पर्लच्या स्क्रिप्टा आणि भरपूर नशीब लागे. पहिल्या दिवशी बिल्ड झालं नाही तर दुसऱ्या दिवशी कोण येतो? आणि चौथं म्हणजे कोडमधली टिपणं, अर्थात कमेंट्स. त्या हजारोंनी जर्मनमध्ये होत्या. हॅम्बुर्गच्या माणसानं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यासाठी लिहिलेली सूचना ब्राझील किंवा बंगळुरूच्या मुलाच्या काय कामाची?

कचऱ्यातून काम

नव्या मंडळींनी पहिल्याच झटक्यात कॉपीराइटचा करार काढून टाकला. त्या जागी आलं एक ईमेल. ‘माझं आजवरचं आणि इथून पुढचं लिबरऑफिसमधलं योगदान अमुक-अमुक परवान्यांखाली वापरता येईल’ असं एक वाक्य एकदाच लिहून पाठवायचं. कोड ज्याचा त्याच्याकडेच राहतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं, २०१२ पासून पॅच तपासायला गेरिट आलं. डीमेक मात्र एका दिवसात गेलं नाही. एकेक विभाग जीएनयू मेक या सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनावर आणायला दोनअडीच वर्षं गेली आणि २०१३ च्या सुरुवातीला ते काम संपलं. या कामाबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. माझ्या मते नव्या माणसांच्या दृष्टीनं याच्याइतकं मोलाचं काम दुसरं नव्हतं. ऑटोजेन चालवा, मेक चालवा आणि वाट पाहा, एवढ्यावर गोष्ट आली.

मग ईझी हॅक्स, म्हणजे नवख्यांसाठी राखलेली सोपी कामं. कल्पना साधी आहे. लग्नघरी आलेला पाहुणा अवघडून उभा असतो, सगळे धावपळीत असतात आणि त्याला काय सांगावं हे कुणाला सुचत नाही. अशा वेळी घरातली एखादी आजी त्याच्यापुढं मटारांची पाटी सरकवते आणि तो पाच मिनिटांत घरचा होतो. लिबरऑफिसकडं अशा पाट्यांची कमतरता नव्हती. पंचवीस वर्षांचा साचलेला गाळ होता: जर्मन टिपणं, कुणीच न बोलावलेली फंक्शन्स, एकाच कामासाठी लिहिलेले चार-चार स्ट्रिंग क्लास, जागोजागी पेरलेले लांबलचक मॅक्रो.

जर्मन टिपणांच्या कामाला बगझिलात, म्हणजे तक्रारी आणि कामांच्या नोंदवहीत, ३९४६८ हा क्रमांक होता. त्यात सी प्लस प्लस फारसं लागत नसे. जर्मन येत असलं, किंवा शब्दकोश आणि चिकाटी असली, तरी पुरे. कोडमधलं जर्मन हुडकून काढणारी एक छोटी स्क्रिप्ट रेपोतच, म्हणजे कोडच्या साठ्यातच, ठेवलेली होती. ती चालवा, एक फाइल निवडा, टिपण इंग्रजीत लिहा, पॅच पाठवा. न वापरलेल्या फंक्शन्ससाठी रेड हॅटच्या क्यूलन मॅकनमारा यांचं कॉलकॅचर नावाचं साधन होतं. त्यातून निघालेली यादी कोडबरोबरच एका फाइलीत ठेवली जाई. यादीतलं एक नाव घ्या, ते खरंच कुणी वापरत नाही याची खात्री करा, काढा आणि बिल्ड होतं का बघा. फंक्शन काढताना माणूस ते फंक्शन वाचतो, त्याच्या आजूबाजूचं वाचतो. कोडची ओळख करून देणारा याहून चांगला पाठ मला तरी माहीत नाही.

जाहिरात यात जवळजवळ नव्हती. हॅम्बुर्ग, म्युनिक, ब्रसेल्स इथं हॅकफेस्ट, म्हणजे एकत्र बसून कोड लिहिण्याचे मेळावे, भरत, २०११ पासून विद्यार्थ्यांना ओपन सोर्समध्ये काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोडमध्येही प्रकल्प उतरला. तिथंही नियम असा, की अर्ज करणाऱ्यानं आधी एखादा ईझी हॅक पूर्ण करून दाखवायचा. पहिल्या काही वर्षांत शेकडो नवी नावं कोडच्या इतिहासात उमटली. त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला पॅच कुठलं तरी टिपण किंवा मॅक्रो बदलण्याचा होता.

एक पॅच जवळून

ही यंत्रणा आज कशी चालते ते एका पॅचवरून पाहू. समजा, सांगलीच्या एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं बग क्रमांक १४३१४८ निवडला. काम असं: प्रत्येक हेडर फाइल (दुसऱ्या फाइलींत ओढून घेतली जाणारी फाइल) दोनदा वाचली जाऊ नये म्हणून तिच्याभोवती इफएनडेफ, डिफाइन आणि एंडिफ असं तीन ओळींचं जुन्या पद्धतीचं कुंपण असतं. ते काढून त्या जागी प्रॅग्मा वन्स ही एक ओळ घालायची.

आधी कोड उतरवून घ्यायचा. तोच काही जीबी भरतो. मग बिल्ड. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पहिलं बिल्ड कित्येक तास चालतं. पंखा घोंघावतो, ब्राउझर बंद ठेवावा लागतो, आणि डिस्क भरली तर शेवटच्या टप्प्यावर येऊन सगळं अडतं. आपल्याकडच्या मुलांची सगळ्यात मोठी गळती मला इथं दिसते. सी प्लस प्लस येत नाही म्हणून जेवढे सुटत नाहीत तेवढे हार्डवेअरपायी सुटतात. आधी बांधलेलं जपून ठेवणारं सीकॅश वापरलं तर पुढची बिल्डं लवकर होतात, पण पहिल्याला पर्याय नाही.

बदल पाच मिनिटांचा. मग रेपोत दिलेल्या लोगेरिट (logerrit) नावाच्या स्क्रिप्टनं पॅच गेरिटवर जातो. तिथं जेनकिन्स ही स्वयंचलित यंत्रणा तो लिनक्स, विंडोज, मॅक आणि अँड्रॉइडवर बांधून पाहते. आणि इथं गिटहबवर शिकलेल्या प्रत्येकाची हमखास होणारी गफलत होते. रिव्ह्यू करणारा लिहितो, की कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मेसेजच्या पहिल्या ओळीत बगचा क्रमांक हवा. ती मेसेज सुधारते आणि सवयीनं नवा कमिट करून पाठवते. गेरिटमध्ये त्यामुळे जुना पॅच सुधारत नाही, शेजारी दुसराच पॅच उभा राहतो. तोच कमिट अमेंड, म्हणजे दुरुस्त, करायचा असतो आणि त्यातला चेंज आयडी, म्हणजे पॅचचा ओळखक्रमांक, तसाच ठेवायचा असतो. रिव्ह्यू करणारी व्यक्ती हे समजावून सांगते. याच आठवड्यात हेच तिनं आणखी दोघांना सांगितलेलं असणार. पुन्हा पॅच जातो, जेनकिन्स हिरवा होतो, मंजुरीचा प्लस टू मिळतो आणि कोड मास्टरमध्ये मिसळतो.

या सगळ्यात तिला स्प्रेडशीट कसं चालतं हे कणभरही कळलेलं नाही. कळली ती वाट: कोड कुठं असतो, बिल्ड कसं होतं, कुणाशी कसं बोलायचं, नकार आला तर काय करायचं. असे हॅक मुद्दाम बिनडोक ठेवलेले असतात. डोक्याला ताण वाटेचा द्यायचा, कामाचा नाही. म्हणून एकच बग कित्येक जणांना पुरतो. तो कुणी स्वतःच्या नावावर करून घ्यायचा नसतो. प्रत्येकानं थोड्या फाइली घ्यायच्या आणि पुढच्यासाठी उरवायच्या.

ऑक्टोबर २०२० मधली हॅक्टोबरफेस्टची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ओपन सोर्स प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) करा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना. त्या वर्षी रीडमी फाइलीत एखादा शब्द घालून पुल रिक्वेस्ट कशी करायची हे दाखवणारा एक व्हिडिओ भारतात पसरला आणि जगभरातल्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पूर आला. थोड्याच दिवसांत आयोजकांना नियम बदलून फक्त संमती दिलेल्या प्रकल्पांपुरती योजना मर्यादित करावी लागली. आपल्या मुलांची त्यात पुष्कळ नालस्ती झाली. ती सगळीच रास्त होती असं मला वाटत नाही. टी-शर्टासाठी सोपं दार उघडलं तर लोक टी-शर्टासाठीच येणार. लिबरऑफिसचं गिटहबवरचं रेपो निव्वळ आरसा आहे, पॅच तिथून घेतलेच जात नाहीत. गेरिटची पायरी नवख्याला जाचते, पण बिल्ड करण्याचीही तयारी नसलेला तिथवर पोचतच नाही.

हिशेब जुळतो का

जुळत नाही, निदान वरवर पाहता तरी. प्रॅग्मा वन्सचा बदल अनुभवी माणूस स्क्रिप्ट लिहून एका दुपारी हजारो फाइलींत करील. नवख्याचा तोच पॅच तीनदा तपासण्यात त्याचा तासभर जातो. तुमच्या प्रकल्पात हे परवडणार आहे का, हा प्रश्न ज्याला-त्याला आधी सोडवावा लागेल. लिबरऑफिसमध्ये जाणत्यांनी नवख्यांच्या हॅकना हात लावू नये असा संकेत आहे. म्हणजे घरात पसारा ठाऊक असून राखून ठेवायचा.

त्यातही यंत्रांनी वाटा मागितलाच. कोडबरोबर क्लँग कंपायलरचे प्लगइन्स आहेत. ते सगळा कोड वाचून सदोष किंवा जुनाट रचना हुडकतात आणि काही तर स्वतःच बदलतात. नोएल ग्रँडिन आणि स्टेफान बर्गमान यांनी या प्लगइन्सच्या आधारे प्रचंड साफसफाई केली. ग्रँडिन दक्षिण आफ्रिकेचे. फारकतीनंतर आले, साफसफाईच्या पॅचपासून सुरुवात केली आणि आज सर्वाधिक कमिट करणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. जुन्या मॅक्रोंचंही असंच झालं. सुरुवातीला नवखे एकेक फाइल घेऊन ते काढत होते, उरलेलं बरंचसं पुढं स्क्रिप्टनंच उरकलं. कोडच्या दृष्टीनं हे उत्तमच. फक्त पाटीतले मटार संपतात आणि कुणाला तरी बसून नवी पाटी भरावी लागते.

हे ‘कुणी तरी’ कोण, यावर गाडी अनेकदा अडली. नुसतं बगला ईझी हॅक असा शिक्का मारून भागत नाही. काय बदलायचं याचं स्पष्ट वर्णन, कुठल्या फाइलीत बघायचं याचे निर्देश, कुठलं कौशल्य लागेल, किती अवघड आहे, आणि प्रश्न पडला तर विचारायचं कुणाला, एवढं सगळं लिहावं लागतं. यातला फाइलीचा निर्देश सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याशिवाय नवखा दोन दिवस शोधत बसतो आणि मग गप्प होतो. स्वयंसेवकांना हे लेखनिकाचं काम नकोसं वाटतं, त्यांना कोड लिहायचा असतो. शेवटी २०१५ च्या सुमारास फाउंडेशननं याच कामासाठी पगारी माणूस घेतला. २०२१ मध्ये होसेन नूरीखाह हे डेव्हलपर कम्युनिटी आर्किटेक्ट म्हणून रुजू झाले. नवख्यांसाठी हॅक निवडणं, त्यांवर सविस्तर लिहिणं, पहिले पॅच तपासणं हे त्यांचं काम. स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या प्रकल्पानं स्वागतासाठी पगार मोजावा याचं काहींना नवल वाटतं. मला ही देणगीच्या पैशांची सगळ्यात शहाणी गुंतवणूक वाटते.

तांत्रिक सुकाणू समितीची दर गुरुवारी ऑनलाइन बैठक होते. तिच्या इतिवृत्तात ईझी हॅक किती उघडे आहेत, किती जणांचा पहिला पॅच आला, याची नोंद असते. शिवाय तीन महिने हालचाल नसलेला बग आपोआप मोकळा करणारी सोय आहे. ‘अजून काम चालू असेल तर पुन्हा आपल्या नावावर घ्या’ असं नम्रपणे लिहून नाव काढून घेतलं जातं. कुणाचा अपमान होत नाही आणि बगही कुणाच्या नावावर कुजत पडत नाही.

मधली पायरी

इथवर सगळं कौतुकाचं झालं. आता दुखणं. पहिला पॅच पाठवणारे पुष्कळ, तिसरा पाठवणारे थोडे आणि दहावा पाठवणारे विरळ. दोष निव्वळ नवख्यांच्या चिकाटीला देता येत नाही. ईझी हॅकच्या यादीत सोपे, मध्यम आणि ‘इंटरेस्टिंग’ अशा तीन प्रतवाऱ्या आहेत. सोप्या हॅकवरून मध्यमवर जाताना जी उडी लागते तिच्यासाठी कुणी हात धरायला नसतो. टिपण बदलणं आणि रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या लेखनाच्या भागात, पानाची मांडणी कशी होते हे समजणं यांत फार अंतर आहे. रायटरचा तो भाग खोलवर जाणणारी माणसं जगात मोजकी, आणि ती बहुतेक कंपन्यांत नोकरीला. तिथं पैसे देणाऱ्या ग्राहकाचा बग आधी आणि विद्यार्थ्याचा पॅच नंतर. यात गैर काही नाही, पण विद्यार्थ्याला तीन आठवडे उत्तर आलं नाही की तो परत येत नाही.

कंपन्यांवरचं हे अवलंबित्व दोनदा उघडं पडलं. २०१३ मध्ये सुसे या लिनक्स कंपनीचा लिबरऑफिस चमू कोलॅबोरा या दुसऱ्या कंपनीत गेला आणि जून २०२३ मध्ये रेड हॅटनं आपल्या लिनक्ससाठी लिबरऑफिसची पॅकेजं पुढं करणार नसल्याचं सांगितलं. जाणकारांपैकी काही दुसऱ्या कंपन्यांत जाऊन तेच काम करत राहिले, म्हणून निभावलं. मधल्या काळात फाउंडेशननं स्वतः प्रोग्रामर नेमावेत का यावर संस्थेत बराच कडाक्याचा वाद झाला. देणगीच्या पैशांतून कंपन्यांशी स्पर्धा नको, असं एका बाजूचं म्हणणं. कंपन्यांना ज्यात धंदा दिसत नाही ती कामं मग करायची कुणी, असं दुसऱ्या बाजूचं. अखेर नेमणुका झाल्या, आणि त्यांत अपंगांसाठीची सुलभता आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या किंवा जोडाक्षरांच्या लिपी ही क्षेत्रं होती.

जोडाक्षरांच्या लिपी म्हणजे आपणही आलो. लिबरऑफिस मराठीत वापरता येतं, आणि भारतीय भाषांच्या भाषांतराचं, फाँटचं बरंच काम एके काळी पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून झालं. लोहित देवनागरी फाँट त्याच वर्तुळातला. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळ्या प्लॅटफॉर्मवर अक्षरांची जुळणी हार्फबझ या एकाच इंजिनाकडे आली. विंडोजवर एक आणि लिनक्सवर वेगळं दिसण्याचा त्रास त्यानं बराच कमी झाला. तरी देवनागरीचे बग येत राहतात.

आणि इथं प्रवेशाची दुसरी वाट आहे. ती मला आपल्याकडच्या कॉलेजांसाठी ईझी हॅकपेक्षाही सोयीची वाटते. बगझिलात आलेली तक्रार खरी आहे का हे कुणी तरी आपल्या मशिनवर करून पाहावं लागतं. ‘तऱ्हा’मधला ऱ्हा नीट उमटतो का, निवडलेला मजकूर जोडाक्षराच्या मध्येच तुटतो का, पीडीएफ केल्यावर ओळ सरकते का, हे हॅम्बुर्गचा तज्ज्ञ सांगू शकत नाही; मराठी वाचणारा कुणीही सांगू शकतो. पुढची पायरी बायबिसेक्टची. जुन्या आवृत्त्यांची तयार बिल्डं गिटमध्ये साठवलेली असतात. ती उतरवून घ्यायची, मधली चालवून पाहायची, बिघाड तिच्या आधीचा की नंतरचा ते ठरवायचं आणि असं निम्मं-निम्मं करत नेमक्या कुठल्या बदलानं बिघाड झाला तिथवर पोचायचं. यात एकदाही कोड बिल्ड करावा लागत नाही, आठ जीबीचा लॅपटॉप पुरतो. शेवटी हातात एका कमिटचा क्रमांक येतो आणि तो कमिट करणाऱ्याचं नाव. त्याला बगमध्ये जोडलं की एरवी तीन आठवडे गप्प असणारा तज्ज्ञ सहसा लवकर उत्तर देतो, कारण आता प्रश्न त्याच्याच कोडचा असतो.